आखूड पडलेले अकरा चेंडू

ता. ३ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पोचल्यावर आठ दिवसांत पत्र लिहीन म्हणाले होते, त्याला आज सहा आठवडे झाले. मामी म्हणत असेल, भिंगरीला नोकरी लागली आणि शिंगं फुटली. तिला सांग, फुटलेली नाहीत. फुटायला तोंड दाखवायची सोय तर हवी! माझा संघ तिन्ही सामने हरलाय.

थांब, नीट सांगते. शाळा मुलींची, तीन मजली, मधल्या सुट्टीत कानठळ्या बसतात. मला खेळाच्या तासांबरोबर बास्केटबॉलचा संघ दिलाय. मैदान शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. काँक्रीटचं, गुळगुळीत. रेषा मी स्वतः रंगवल्या, अजून नखांत पांढरा रंग आहे. मुली बारा. लंबू आपल्या उंचीला लाजते आणि पाठीत वाकून चालते. तुफान दिसेल त्याला धडकते. परवा भिंतीला धडकली आणि भिंतीलाच सॉरी म्हणाली. आणि मुंगी. सगळ्यांत लहान, तोंडातून शब्द निघत नाही, पण सांगितलेलं काम एकदा नाही, तीनदा करते.

मामा, प्रॅक्टिसला या पोरी काय खेळतात म्हणून सांगू! दहातले सात चेंडू आत. बघत राहावं. पण सामने सगळे गावच्या क्रीडासंकुलात होतात. तिथे गेल्या की याच पोरींचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतात. पहिला सामना ४१-९. दुसऱ्याचा आकडा मी लिहीत नाही, तुझा चहा गार व्हायचा.

काल मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. बाई वाईट नाहीत, पण जे असेल ते तोंडावर. म्हणाल्या, गेली दोन वर्षं हा संघ एकही सामना जिंकलेला नाही. या हंगामात सात सामने आहेत, त्यांतला एक तरी जिंकून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद आणि मैदानावर सायकलींची शेड. मी मान ताठ करून म्हणाले, एक काय, चार जिंकू. बाहेर आले आणि जिन्यावर बसूनच घेतलं.

तू मला शिकवलंस तेव्हा मी एकटी होते. इथे बारा आहेत. काय करू ते लवकर कळव.

तुझी माया आहे तेवढी पुरे, सल्ला मात्र जास्त पाठव.

तुझी,
भिंगरी


ता. १० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पंपघरातच मिळालं. दोन नंबरचा पंप चालू होता. पोस्टमनने तीन हाका मारल्या म्हणे, शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा मला कळलं. कान आता असेच राहणार. तू फोनचा आग्रह करतेस, पण फोनवर मला तुझं निम्मं बोलणं ऐकू येतं आणि पंपाचं सगळं. पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

४१-९ वाचून मामी म्हणाली, ते नऊ कोणी केले ते आधी विचारा आणि त्या पोरीची पाठ थोपटायला सांगा. मला हे पटलं.

मी काही मोठा खेळाडू नव्हतो, तुला ठाऊक आहे. पाणीपुरवठ्यातला फिटर. नोकरीच्या गावी चार वर्षं कामगारांच्या संघात खेळलो, तेवढंच. पण कामाची एक सवय आहे ती सांगतो. पाणी टाकीत चढत नसेल तर मी पंपाला शिव्या देत नाही. आधी मोजतो. दाब किती, पाइप किती, गळती कुठे. बहुतेक वेळा पंपाचा दोष नसतोच, तो बिचारा जीव तोडून फिरत असतो.

म्हणून पोरींना ओरडू नकोस. आणि तुमच्या मैदानावरची रिंग एकदा मोजून घे. जमिनीपासून कडेपर्यंत दहा फूट हवी. विसरू नकोस.

सकाळी देवापुढे दोन मिनिटं उभा राहतो, तेव्हा आता तुझ्या संघालाही सांगून येतो. नावं माहीत नाहीत, म्हणून ‘भिंगरीच्या पोरी’ एवढंच म्हणतो. त्याला कळत असावं.

पत्रात खंड पडू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
मामा


ता. २९ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाच सामने झाले, पाचही गेले. पण मामा, मी आता हार मानणारी नाही, कारण मला दुखणं सापडलंय!

आधी मी सगळे उपाय करून पाहिले. कप्तान बदलली. सामन्याआधी गाणी म्हणायला लावली. तुफानला सांगितलं की धडक, पण चेंडूवाल्या मुलीला. एकदा तर ओरडलेसुद्धा, तू नको म्हणाला होतास तरी. नंतर वाईट वाटून सगळ्यांना केळी खाऊ घातली. काही फरक नाही. चेंडू तसाच वर जातो, सगळ्या श्वास रोखतात आणि तो कडेवर आपटून परत. दरवेळी आखूड.

परवा बसमधून परत येताना एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर माझंच! चौदाव्या वर्षी मला निवड चाचणीला नेलं होतंस, आठवतं? अंगणात डोळे मिटून टाकणारी मी, आणि तिथे अकरा चेंडू टाकले ते अकराही आखूड. दुसरं काय, भीती. भीतीने हात आखडतो. दुसऱ्या दिवशी मी मुलींना मैदानावर गोल बसवलं आणि ती सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, तुमची बाईसुद्धा अशीच भ्याली होती, वर्षभर चेंडूला हात लावला नव्हता, मग तिने भीतीवर मात केली आणि पुढे विद्यापीठाच्या संघात गेली. लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं!

फक्त मुंगीचं काहीतरी बिनसलंय. सगळ्या गेल्यावर ती एकटी थांबली आणि म्हणाली की बाई, मला तिथे भीती वाटत नाही, पण चेंडू आखूड जातो, म्हणजे मला भीती वाटते हेही मला कळत नसेल का? आणि रडायला लागली. म्हणाली, मी आतूनच भित्री असेन. तिला काय सांगावं ते तूच सांग.

रिंग मोजायची राहिली. हसू नकोस, मामा, पण खांब काही वाढत नाहीत की खुजे होत नाहीत! तू आणि तुझं मोजणं. मामी बरोबर म्हणते, तू देवळातसुद्धा खांबाला ओळंबा लावशील.

दोन सामने उरलेत. माझ्यावर भरवसा आहे ना? तो ढळू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी रिंग मोज. उद्यावर टाकू नकोस.

जाड दोरा घे. एका टोकाला जड नट बांध. शिडीवर चढून दोऱ्याचं मोकळं टोक रिंगच्या कडेला धर आणि नट जमिनीला टेकेल न टेकेल असा सोड. मग दोरा खाली आणून फूटपट्टीने मोज. दोन्ही रिंगा.

आणखी एक बघ. खांबाच्या पायथ्याशी लोखंडी चौकोनी पाट असतो, त्याला चार बोल्ट असतात. ते बोल्ट तुला दिसतात का? की खांब सरळ काँक्रीटमधून वर आलाय?

तोपर्यंत पोरींपाशी भीतीचा शब्द काढू नकोस. त्या लहानीला सांग की तिला भीती वाटत नाही हे तिचं तिला चांगलं कळतं. ती म्हणते तेच खरं.

बाकीचं तू मोजल्यावर लिहीन.

तुझा,
मामा


ता. ९ सप्टेंबर

मामा! मामा! मामा!
सा. न. वि. वि. आणि लोटांगण!

नऊ फूट चार इंच!

ऐक. पत्र मधल्या सुट्टीत आलं. मी तशीच उठले, पहारेकऱ्याकडून शिडी आणली, नट मागायला मोठ्या बाईंच्या स्कूटरपर्यंत जावं लागलं (तिचा नाही काढला, डिकीत एक सुटा मिळाला). तुफानने शिडी धरली, म्हणजे खरं तर शिडीने तुफानला धरलं. मुंगी वर चढली. दोरा सोडला. खाली आणून मोजला तर नऊ फूट चार इंच. मी म्हटलं चुकलं असेल. मुंगीने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग पळत जाऊन दुसरी रिंग मोजली. तीही तेवढीच! मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मी तिचे दात पाहिले.

आणि बोल्ट नाहीत. खांब काँक्रीटमधून सरळ वर आलाय, उसासारखा. पहारेकऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, मैदान उखडलं होतं म्हणून त्यावर दोनदा काँक्रीट ओतलं, चार-चार इंच. जमीन वर आली, खांब होते तिथेच राहिले! कोणाच्या लक्षातच आलं नाही. गेली दोन वर्षं या पोरी आठ इंच बुटक्या रिंगमध्ये चेंडू टाकतायत आणि संकुलातल्या दहा फुटी रिंगपुढे जाऊन स्वतःला भित्र्या म्हणवून घेतायत!

नशीब, रिंग बसवलेला बोर्ड खांबाला पट्ट्यांनी आवळलेला आहे. उद्या पट्ट्या सैल करून वर सरकवायचा. वीस तारखेला सहावा सामना, चार ऑक्टोबरला सातवा. दोन वर्षांची सवय इतक्या दिवसांत मोडेल का रे? लंबू म्हणते की आजवरचा सराव पाण्यात गेला.

आणि तू! दीड दिवसाच्या प्रवासावर बसून, पंपाच्या आवाजात, मैदान न पाहता तुला कळलं! मी पोरींना सांगितलं की माझा मामा जादूगार आहे. कसं कळलं तुला? खरं सांग.

तुझ्या आशीर्वादाची उंची मोजायला दोरा पुरणार नाही.

तुझी,
भिंगरी


ता. १४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

आधी कामाचं लिहितो. नंतरचं वाचून तू हे वाचशील की नाही, सांगता येत नाही.

सवय मोडते. आठ महिन्यांत मोडताना मी पाहिली आहे, तुझ्याकडे दिवस कमी आहेत, पण पोरी बारा आहेत आणि एकमेकींकडे बघून शिकतील. हातांचं बोलू नकोस, गुडघ्यांचं बोल. चेंडू वर नेण्याचं बळ पायांतून येतं. पहिला आठवडा रिंगच्या अगदी जवळून टाकू दे. आणि किती आत गेले ते मोजायचं नाही. फक्त आखूड किती पडले ते मोजायचं. लांब गेला, बोर्डावर आपटून भलतीकडे उडाला, तरी शाबास म्हणायचं. आखूड तेवढा चालणार नाही. लांब गेलेला चेंडू आपोआप मागे येतो, आखूड गेलेला पुढे जाताना मी पाहिलेला नाही. आणि सराव पाण्यात गेलेला नाही. नेम त्यांचा पक्का आहे, फक्त पत्ता बदललाय.

आता तुझा प्रश्न.

तू आठ वर्षांची असताना आमच्याकडे शाळेला होतीस. टायफॉइड झाला, दीड महिना अंथरुणावर होतीस. उठलीस तेव्हा हातांच्या काड्या झाल्या होत्या. अंगणात मी जुन्या पाइपचा खांब करून रिंग लावली होती. तू चेंडू टाकलास, तो निम्म्यातून खाली आला. तू म्हणालीस, मी आता कधीच खेळणार नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसलीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे, तू उठायच्या आत, मी रिंग दीड फूट खाली घेतली. खांबाला दोन-दोन इंचांवर भोकं पाडून ठेवली. ठरवलं की तुझ्यात जोर येईल तशी एकेक भोक वर चढवायची. तू आलीस, टाकलास, आणि आत गेला. तू जी ओरडलीस ती आरोळी अजून माझ्या कानांत आहे, पंपाने सगळं नेलं तरी.

काही महिने गेले की मी पहाटे रिंग एक भोक वर घ्यायचो. त्या दिवशी तू कुरकुरायचीस की आज चेंडू जड झालाय. मी म्हणायचो, हवा जास्त भरली गेली असेल. असं करत साडेनऊ फुटांवर आलो. तू अकरा वर्षांची होतीस. डोळे मिटून टाकायचीस आणि आत जायचा. मला तुझा तो आनंद मोडवेना. आज घेऊ, उद्या घेऊ करत तीन भोकं राहून गेली. सहा इंच. मग मी ते विसरलो. हे खरं लिहितोय, विसरलो.

चाचणीच्या दिवशी तुझा पहिला चेंडू कडेवर आपटला तेव्हा मला आठवलं. पुढचे दहा मी मान खाली घालून ऐकले. तू रडत आलीस आणि म्हणालीस, मामा, मी घाबरले. मी पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिंग दहा फुटांवर नेली. तू वर्षभर अंगणात आली नाहीस. आलीस तेव्हा आठ महिने झगडून पुन्हा नेम धरलास, आणि सगळ्यांना सांगत राहिलीस की भीतीवर मात केली. मी ऐकत राहिलो.

तुमच्या शाळेचं काँक्रीट कोणी जाणून ओतलं नाही. मी जाणून केलं होतं. आता तू ती भीती बारा पोरींना शिकवू लागलीस, तेव्हा गप्प बसवेना.

एवढंच.

तुझा,
मामा


ता. २१ सप्टेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. बोर्ड वर सरकवला. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सराव सुरू आहे. काल सहावा सामना झाला, २६-१९ असा हरलो. आखूड चेंडू कमी झाले आहेत.

निवड झाली नाही याचं मला आता काही नाही. रिंग खाली घेतलीत तेही कळतं. पाठीवर हात ठेवलात आणि बोलला नाहीत, ते कळत नाही.

शाळेत काम बरंच आहे. मामीला नमस्कार.

आपली,
भाची


ता. २६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

‘तुम्ही’ वाचलं. तुझ्या अक्षरात हा शब्द मला उद्देशून पहिल्यांदाच पाहिला. लिहिलास ते योग्य केलंस.

मामीला दोन्ही पत्रांतलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरीचं तोंड कडू झालं असतं तर चार दिवसांत गोड झालं असतं, तुम्ही तेरा वर्षं कसली वाट बघत होता? त्याचं उत्तर तुला देतो, कारण तूही तेच विचारलं आहेस.

त्या दिवशी तू रडत होतीस. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू माझ्यावर रुसशील. नाही सांगितलं तर खेळावर रुसशील. खेळावर रुसलेली चालेल, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यानंतरची प्रत्येक सकाळ मी देवापुढे हीच गोष्ट घेऊन उभा राहिलो, आणि तो काही बोलला नाही. त्याने का बोलावं? बोलायचं होतं ते मला. त्या मैदानावर भ्यालेला एकच माणूस होता आणि तो मी होतो. तू नव्हतीस.

माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा वेळ तू घे.

सोबत एक दोरा पाठवतो आहे. चाचणीच्या दुसऱ्या पहाटे याच दोऱ्याने रिंग दहा फुटांवर लावली. टोकाला नट आहे, दहा फुटांवर गाठ आहे. तुझ्या मोजणाऱ्या पोरीला दे.

सामना कसाही होवो, चार तारखेला सकाळी मी जास्त वेळ उभा राहीन.

तुझा,
मामा


ता. ५ ऑक्टोबर

मामा रे,
सा. न. वि. वि., आणि आज ‘वि. वि.’ फार मोठं आहे, तेव्हा पंप बंद कर आणि बस!

जिंकलो!

नाही, क्रमाने सांगते. मी आठ दिवस तुझ्यावर अशी रागावले होते की जेवताना पाणी पिताना रागावत होते. मग तुझा दोरा आला. मी मुलींना पुन्हा गोल बसवलं आणि म्हटलं, तुम्हाला भीतीची जी गोष्ट सांगितली ती चुकीची होती, आता खरी ऐका. टायफॉइड, भोकं, पहाट, जड झालेला चेंडू, सगळं सांगितलं. मला वाटलं त्या तुझ्यावर रागावतील. तुफान म्हणाली की बाई, तुमचा मामा भारीच आहे, पण वेडा आहे. लंबूने विचारलं की सहा इंच म्हणजे किती, आणि आपल्या बोटांनी माप दाखवलं.

आणि मुंगी. तिने हळूच विचारलं की बाई, ते अकरा चेंडू कुठे पडले होते? मी म्हटलं, सांगितलं ना, आखूड. ती म्हणाली, ते नाही, अकरा ठिकाणी पडले की एकाच ठिकाणी?

मामा, मी डोळे मिटले आणि पाहिलं. एकाच ठिकाणी! पुढच्या कडेवर, बरोबर मधोमध, अकराच्या अकरा. मुंगी म्हणाली, हात कापत असता तर अकरा ठिकाणी पडले असते. मग ती दोरा गुंडाळायला लागली, जणू काही झालंच नाही. आणि मी, सत्तावीस वर्षांची बाई, बारा पोरींसमोर हमसाहमशी रडले. तेरा वर्षं ज्याला मी माझं भित्रेपण म्हणत आले, तो माझा आजवरचा सर्वांत अचूक दिवस होता रे!

आता सामना. मुंगीने संकुलात गेल्या गेल्या पिशवीतून दोरा काढला आणि पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, रिंग मोजायची आहे. समोरचा संघ खो खो हसला. पंच आजोबांच्या वयाचे. ते म्हणाले की चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही, पण विचारायला हवं खरं. त्यांनी शिडी मागवली. नट टेकला, गाठ बरोबर कडेशी आली. दहा फूट. मुंगीने मागे वळून मान हलवली आणि माझ्या बारा जणींचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. लंबू ताठ उभी राहिली. खरोखर ताठ! ती इतकी उंच आहे हे तिच्या आईलासुद्धा काल कळलं.

खेळल्या, मामा! गुडघे, गुडघे म्हणून मी घसा फोडत होते. शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा २८-२७, आम्ही एकाने मागे. मुंगीला धक्का लागला. दोन फ्री थ्रो.

पहिला टाकला. लांब गेला! बोर्डावर दाणकन आपटला आणि भलतीकडे. आणि आमचा सगळा बाक उड्या मारत उठला, टाळ्या, शिट्ट्या, तुफानने पाण्याची बाटली हवेत उडवली. समोरच्या मुली चक्रावून बघत राहिल्या की या वेड्या चुकलेल्या चेंडूवर कसल्या नाचतायत! त्यांना काय ठाऊक की तो आखूड नव्हता!

मुंगी हसली. गुडघे वाकवले. दुसरा असा गेला की जाळीसुद्धा धड हलली नाही. २८-२८. मग जादा पाच मिनिटं, त्यात काय झालं ते मला विचारू नकोस, मी निम्मा वेळ डोळ्यांवर हात धरून होते. ३३-३१! मोठ्या बाई मागच्या रांगेत होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या की सायकली भिंतीलगत लावता येतील. आणि हो, तुमच्या त्या दोऱ्याने आमच्या कार्यालयाचा दरवाजाही एकदा मोजून घ्या, तो लागत नाही. त्यांनी विनोद केला, मामा!

आता तुझं. राग गेला का? बहुतेक गेला. थोडा ठेवलाय, तू भेटल्यावर समोरासमोर काढायला. तो काढून घ्यायला तुला यावं लागेल. कामही आहे. पुढच्या वर्षी मला आठ-नऊ वर्षांच्या मुलींचा गट करायचाय. त्यांचा चेंडू दहा फुटांवर पोचणार नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तसाच खांब कर. दोन-दोन इंचांवर भोकं. पण या वेळी प्रत्येक भोकाशी आकडा रंगवायचा, ठळक, लांबून दिसेल असा. रिंग वर घ्यायची ती भरदुपारी, सगळ्यांसमोर, आणि जिचा चेंडू जड होईल तिला तिथल्या तिथे सांगायचं की का झाला.

मामीलाही आण. तिच्याशिवाय तू खरं बोलशील याचा भरवसा नाही.

माया होती तेवढीच आहे. मोजून पाहा हवी तर.

तुझी,
भिंगरी


ता. १० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ., आणि त्या बाराजणींस प्रत्येकी एक वेगळा.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. ‘लांब गेला’ इथे तिने टाळी वाजवली, तेव्हा मला पंप बंद असल्याची खात्री पटली, कारण ती टाळी मला ऐकू आली.

पंधरा तारखेपासून आठ दिवसांची रजा मंजूर झाली. चांगला जाड पाइप निवडला आहे. भोकं पाडून झाली, दहा. साडेआठ फुटांपासून दहापर्यंत. आकडे पांढऱ्या रंगात, वीतभर उंच. मामी म्हणते, पंपघरावरच्या पाटीपेक्षा मोठे झालेत. होऊ देत.

रंग उरला होता. काल संध्याकाळी अंगणातल्या जुन्या खांबाची भोकंही धुऊन काढली आणि त्यांच्याशी आकडे घातले. साडेनऊच्या भोकाशी जरा थांबलो. मग त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: भिंगरी, वय चौदा, अकरापैकी अकरा.

आज सकाळी देवापुढे उभा राहिलो, तर सांगायला काही उरलं नव्हतं. नुसताच उभा राहिलो. बरं वाटलं.

स्टेशनवर घ्यायला ये. पाइप लांब आहे.

तुझा,
मामा